उष्टी पट्टी

पिंपळे गुरवला यशवंतरावांच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी मोरीतला गरम पाण्याचा नळ वाजतो. अंघोळीसाठी नाही. त्यांची सून स्वरूपा त्या नळाखाली हात धरून उभी असते. रात्रीतून तिची बोटं आखडतात आणि सकाळी उघडत नाहीत. सोसवेल तितकं कढत पाणी ती हातांवर घेते, मग एका हातानं दुसऱ्या हाताचं एकेक बोट सरळ करायला बघते. दोन्ही हातांची एकच रड असल्यामुळे या कामाला वेळ लागतो. बोटं जराशी मोकळी झाली की ती कणकेची परात पुढे ओढते.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. तिची मुलगी इंद्रायणी गणवेश घालून, हातात कंगवा घेऊन दारात उभी राहिली.

"आई, वेणी."

"आज आजीकडून घालून घे बाळा. माझी बोटं आज लईच दुखायलीत."

"आजी घट्ट घालते."

"घालू दे. सैल वेणी शाळेत सुटते."

पोर पाय आपटत आजीकडे गेली. मागच्या दिवाळीपर्यंत स्वरूपा तिला रोज वेगवेगळी वेणी घालत असे. आता साधी तीन पेडांची वेणीही तिच्या हातून निसटायची.

आता इथंच कुणी आजीला, म्हणजे शालनबाईंना, कजाग सासू ठरवून मोकळं होऊ नये. तसं असतं तर ही गोष्ट सोपी होती आणि मला लिहायची गरजही पडली नसती. शालनबाईंनी सुनेवर कधी हात उगारला नाही. माहेरचं काही काढलं नाही. बाळंतपणात डिंकाचे लाडू स्वतः वळले, सुनेचे पाय स्वतः चोळले. बाई प्रेमळ आहे. फक्त त्या घरात एक रीत आहे, आणि ती रीत आहे हे शालनबाईंना कधी जाणवलंच नाही. आपण श्वास घेतो हे तरी कुणाला जाणवतं?

रीत अशी, की घरात जे जे पहिलं, ते दादांचं. दादा म्हणजे यशवंतराव. त्यांना घरदारच काय, अख्खी गल्ली दादा म्हणते. तव्यावरची पहिली भाकरी त्यांची. हंगामातला पहिला आंबा त्यांचा. गावाकडून कुणी खरवस आणला तर पहिली वडी त्यांची. एकेकाळी या घराची शेती होती. आता तिथं सोसायटी उभी आहे आणि घरावर भाडेकरूंचे मजले चढलेत, पण मानाचं ते मानाचंच. दादांच्या मागून मुलगा जयदीप, मग पाहुणा असला तर पाहुणा, मग पोर. दादांच्याच न धुतलेल्या ताटात शालनबाई आपलं वाढून घेतात, त्याला त्या प्रसाद म्हणतात. सगळ्यांच्या शेवटी स्वरूपा. दादांचं उष्टं घरातल्या कुणालाही चालतं. पण दुसऱ्याचं उष्टं दादांना चालत नाही. नातीनं तोंड लावलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा ते ओतून देतात.

लग्न होऊन आल्यावर एकदा स्वरूपाला भूक अनावर झाली आणि तिनं ओट्याशी उभ्यानं अर्धी चपाती खाल्ली. शालनबाईंनी पाहिलं. दादांच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी पटकन दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "खा गं बाई, पण पुन्यांदा असं करू नगं." यालाही प्रेमच म्हणायचं.

इंद्रायणीच्या जन्मानंतर स्वरूपाचे सांधे सुजायला लागले. आधी घरच्यांनी त्याला बाळंतवात म्हटलं, तेल चोळलं, शेक दिला. मग जयदीप मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायला लागला. त्या गोळ्यांनी पोटात जखमा झाल्या आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली. तेव्हा कुठं चिंचवडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तिला नेलं. तिथल्या डॉक्टर वर्षाली यांनी तिचे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिले, एक्स-रेचे फोटो काढले, रक्त तपासलं.

"हा आमवात आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याच अंगातली सूज तुमचे सांधे खातेय. डाव्या हाताची दोन बोटं वाकायला लागलीयत. आत्ता सूज थांबवली तर बाकीची वाचतील. पण एकदा बोट वाकून बसलं, की मग जगातलं कुठलंही औषध ते सरळ करत नाही. हे नीट लक्षात ठेवा."

"गोळ्या न्हाई झेपत मला, मॅडम."

"गोळ्या नाहीच देत. एक नवी गोष्ट आहे."

त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आरपार दिसणारी पट्टी होती. डॉक्टर तिला फिल्म म्हणत. तिच्यात सूज उतरवणाऱ्या औषधाचे कण होते, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत शेकडो ओळीनं बसावेत. ते कण कातडीतून हळूहळू आत झिरपतात, थेट सुजलेल्या सांध्यापाशी पोचतात, पोटाला धक्का लावत नाहीत. याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात, आणि ही फिल्म अजून बाजारात आली नव्हती. निवडक रुग्णांवर तिची चाचणी चालू होती. डॉक्टर वर्षालींनी खटपट करून स्वरूपाचं नाव त्यात घातलं.

"मनगटावर, सांध्याच्या जवळ लावायची. दोन दिवस काढायची नाही. मग नवी. वापरलेल्या पट्ट्या टाकून द्यायच्या नाहीत, पाकिटात घालून परत आणायच्या. त्यांत औषध किती उरलंय ते आम्ही तपासतो. आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. कळलं ना?"

स्वरूपानं मान हलवली. जयदीप बाहेर व्हरांड्यात फोनवर होता. चाकणच्या कंपनीतला सुपरवायझर त्याला शिफ्ट बदलून मागत होता. आत काय बोलणं झालं ते त्यानं ऐकलं नाही आणि नंतर विचारलंही नाही.

घरी आल्यावर स्वरूपानं पाकीट ओट्यावर ठेवलं. शालनबाईंनी ते उचललं, देवासमोर नेलं, हळदकुंकू वाहिलं. सुनेला गुण यावा म्हणून हात जोडले. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "पयली दादांस्नी लावू."

स्वरूपाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आत्याबाई, ती माझ्या हाताची हाय."

"व्हय गं, तुझीच हाय. कोण न्हाई म्हणतंय? पर नवी वस्तू घरात आली, ती त्यांस्नी दावल्याबगर कशी वापरायची? त्यांचाबी गुडघा किती दुखतो तू बघतीयास. दोन दिसांची हाय म्हणं ना पट्टी? मग एक दिस त्यांचा, एक दिस तुझा. सांध्याचीच हाय, दोगांचंबी सांधंच की."

हिशेब ऐकायला बिनतोड होता. फक्त त्यात एक खोट होती, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. फिल्ममधलं बहुतेक औषध पहिल्याच दिवशी कातडीत उतरतं. दुसऱ्या दिवशी उरतो तो नुसता पापुद्रा. स्वरूपाला हे अंधुक ठाऊक होतं, डॉक्टर असं काहीतरी बोलल्या होत्या. ती तोंड उघडणार तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दादांचा आवाज आला, "काय आणलंय म्हणं दवाखान्यातनं?" आणि शालनबाई पाकीट घेऊन गेल्यासुद्धा.

दादांचा गुडघा उतरला. खरोखर उतरला. एरवी खुर्चीतून उठताना आई गं म्हणणारा माणूस आठवड्याभरात काठी न घेता मारुतीच्या पारापर्यंत जायला लागला. पारावरची मंडळी विचारायची, दादा, काय जादू केली? दादा छाती काढून सांगायचे, "सूनबाईचा पायगुण." घरी आल्यावर एकदा त्यांनी स्वरूपाला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "पोरी, तुझ्यामुळं माझा पाय उठला बघ."

इतक्या वर्षांत दादांनी तिला समोर बोलावून केलेलं ते पहिलं कौतुक. स्वरूपा आत येऊन डोळे पुसत राहिली. आता सांगा, त्या माणसाच्या गुडघ्यावरची पट्टी मागायची कुणी, आणि कुठल्या तोंडानं?

मग वाट रुळली. वाकडच्या उंच इमारतीत राहणारी नणंद मोनिका रविवारी आली. लॅपटॉपवर बसून तिची मान धरली होती. "वहिनी, मला पण एक लावून बघू दे ना," ती हसत म्हणाली. तिला एक लागली. ओव्हरटाइम करून जयदीपचा खांदा भरून आला. त्यालाही लागली. प्रत्येक वेळी ताजी पट्टी ज्याला त्याला, आणि दुसऱ्या दिवशी ती कोमट पाण्यानं सोडवून, फडक्यानं टिपून, स्वरूपाच्या मनगटावर. चिकटपणा गेलेला असायचा म्हणून शालनबाई वरून स्वतः चिंधी बांधायच्या. "अजून दम हाय तिच्यात," म्हणायच्या. मायेनंच म्हणायच्या.

घरातल्या कुणी हे पाहिलं नाही असं समजू नका. सगळ्यांनी पाहिलं. पण जी बाई रोज पातेल्याच्या तळाचं खाते, तिच्या हाताला तळाचीच पट्टी लागली यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

स्वरूपानं दोन ठिकाणी तोंड उघडून पाहिलं. पहिलं आईपाशी. तिचं माहेर उदगीरकडचं, पण आईवडील आता भोसरीत भाड्यानं राहतात. आई सुमनताई फोनवर ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वरूपा, घर चांगलं भेटलंय माय तुला. इथली मूळची गावकीवाली माणसं, पण आपल्याला कमी लेखत न्हाईत. सासरा तुझं कौतुक करायलाय. एवढ्याशा पट्टीपायी तोंड नको वाजवू."

दुसरं जयदीपपाशी. तो नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून आला होता, बूट काढत होता.

"अहो, मला ताजी पट्टी लागतच न्हाई. औषध आदल्या दिवशीच संपतं."

"मग आईला सांग ना."

"मी कसं सांगू? तुम्ही सांगा."

जयदीपनं बूट बाजूला सारला. "अगं, दादा चालायला लागलेत. त्यांना जाऊन काय सांगू? तुमचा गुडघा राहू द्या, हिची पट्टी परत द्या? तूच सांग, शोभेल का मला? तू डॉक्टरला म्हण ना, दोन पाकिटं द्या."

चाचणीत दोन पाकिटं मिळत नाहीत हे तिनं त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि हात धुवायला गेला. माणूस वाईट नाही. बोलायची वेळ आली की तो हात धुवायला जातो, एवढंच.

दवाखान्यात ती ठरल्या दिवशी जात होती, वापरलेल्या पट्ट्या नेमानं परत देत होती. त्या तपासल्या की कोऱ्या निघायच्या. औषध पूर्ण उतरलेलं. डॉक्टर वर्षालींचं कोडं वाढत गेलं. शेवटी नव्या फोटोत उजव्या हाताच्या सांध्यांतही झीज दिसली, तेव्हा त्यांनी स्वरूपाला समोर बसवलं.

"मला वाईट वाटतंय, पण ही फिल्म तुम्हाला लागू पडत नाही. औषध अंगात जातंय आणि सूज हलत नाहीय. चाचणीतून तुमचं नाव कमी करावं लागेल. दुसरा काय मार्ग काढता येतो ते बघते, पण मार्ग फार नाहीत."

 स्वरूपा मान खाली घालून बसली. डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेल्या. सिस्टर जयमाला तिच्या मनगटावरची चिंधी सोडून शेवटची पट्टी काढायला लागल्या. पट्टी सुटली, आणि तिच्या आतल्या बाजूला एक केस चिकटलेला दिसला. जाड आणि पांढराशुभ्र. सिस्टरनी स्वरूपाच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं लवसुद्धा नव्हती.

"हा कुणाचा?"

"माझाच असंल."

"हाताचा नाही हा. डोक्याचाही नाही तुमच्या."

स्वरूपानं हात मागे घेतला. सिस्टरनी आवाज चढवला नाही, स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या आणि वाट बघत राहिल्या. शेवटी स्वरूपा म्हणाली, "घरात नवी वस्तू आली की आधी दादांना द्यायची असती. मग मला."

डॉक्टर वर्षाली दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पहिला राग निघाला तो स्वरूपावरच. "इतके महिने? आणि मी दर वेळी विचारत होते, लावता का, तर तुम्ही हो म्हणत होतात."

"मी लावतच होते की, मॅडम. दुसऱ्या दिवशी."

 डॉक्टर खुर्चीत बसल्या. सिस्टर जयमाला पट्टी हातात तशीच धरून म्हणाल्या, "आमच्याकडंही मी शेवटीच बसते जेवायला. माझ्या तरी ध्यानात यायला हवं होतं."

त्या दुपारी डॉक्टर वर्षालींनी वरिष्ठांशी वाद घालून एक शेवटची संधी मिळवली. डाव्या हाताची दोन बोटं आता गेल्यात जमा होती. उजवा हात अजून वाचण्यासारखा होता. यापुढे पाकीट घरी न्यायचं नाही. एक दिवसाआड दवाखान्यात यायचं, पट्टी इथंच लावायची, तीच अंगावर घेऊन घरी जायचं. पहिली ताजी पट्टी सिस्टरनी तिथल्या तिथं तिच्या उजव्या मनगटावर बसवली. स्वरूपानं ती कितीदा तरी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. ताज्या पट्टीला स्वतःचा थंडपणा असतो हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी जाताना बसमध्ये तिच्या मनात एक विचार आला आणि ती एकटीच हसली. दादा कुणाचं उष्टं घेत नाहीत. नातीच्या पेल्यातलं पाणी घेत नाहीत. मग सुनेच्या अंगाला आधी लागलेली पट्टी कसे घेतील? ज्या रीतीनं तिला आजवर शेवटी बसवलं, तीच आज तिच्या बाजूनं होती. काही बोलायची, भांडायची गरजच नव्हती. पट्टी आधी लावली, ती आपली झाली.

शालनबाई दारातच उभ्या होत्या. "पाकीट कुटाय?"

"पाकीट देत न्हाईत आता. तिथंच लावली."

"तू आदी लावलीस?"

शालनबाई रागावल्या नाहीत. त्या मटकन पायरीवर बसल्या. आत दादा खुर्चीत होते. पाकीट संपल्यामुळे तीन-चार दिवस घरात नवी पट्टी नव्हती आणि गुडघा टम्म सुजला होता. सकाळी ते पारावर गेले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दिवेलागणीला जयदीप आला. पानं मांडली. दादा म्हणाले, "मला भूक न्हाई."

एवढंच. पण ज्या घरात पहिला घास दादांचा, तिथं दादांनी घास घेतला नाही तर दुसरा घास कुणाचा होणार? भाजी निवत गेली. जयदीप मोबाइलमध्ये बघत बसला. इंद्रायणी विचारत राहिली, आजोबा कधी जेवणार? शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. वाकडहून मोनिकाचा फोन आला, तिला आईनं आधीच सगळं कळवलं होतं. "वहिनी, म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून कसलं गं औषध?" ती म्हणाली.

जयदीप उठून स्वयंपाकघरात आला. आवाज दबका होता. "आजच्या दिवस दे. उद्यापासून बघू काहीतरी."

"डॉक्टर म्हणाल्या, उजवा हात तरी वाचंल."

"एका दिवसानं काय होतंय?"

स्वरूपानं नवऱ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. लग्नानंतर ती दादांच्या समोर अशी मान वर करून कधी बोलली नव्हती. "न्हाई द्यायची मी," ती म्हणाली. "ही माझी हाय. आणि तुम्हाला चालायचीबी न्हाई, दादा. माझ्या अंगाला लागलीय. उष्टी हाय ती."

 शालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. स्वरूपाला वाटलं, झालं, सुटलो आपण.

दादांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यावरून हात फिरवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "औषधाला कसलं आलंय उष्टं?"

आणि त्यांनी पाय पुढे लांबवला.

बापजाद्यांपासून ज्या रीतीला कुणी बोट लावलं नव्हतं, ती दादांनी बसल्या जागी मोडली. कुणाला धक्का बसला नाही, कुणी हरकत घेतली नाही, देवही कोपला नाही. म्हणजे ती मोडता येत होती. स्वरूपा उपाशी राहिली तेव्हा, तिची बोटं वाकली तेव्हा, तिला रक्ताची उलटी झाली तेव्हाही ती मोडता आली असती. फक्त तेव्हा दादांना काही दुखत नव्हतं.

शालनबाईंनी कोमट पाण्याची वाटी आणली. स्वरूपाचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. स्वरूपाला तो हिसडून घ्यायचा होता, मूठ घट्ट आवळून छातीशी धरायचा होता. तिनं मूठ आवळली. निदान आवळायला गेली. बोटं अर्ध्यातच थांबली, तिथून ना पुढे गेली ना मागे आली. सासूनं त्या उघड्या हातावर पाणी सोडलं, पट्टीची कड नखानं उचलली आणि हळूच सोलत आणली.

"दुखलं का गं?" शालनबाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.



मग दादा जेवले. मग जयदीप जेवला, इंद्रायणी जेवली. दादांच्या ताटात शालनबाई जेवल्या. उठताना सुनेला म्हणाल्या, "तुज्यासाटी तळाची आमटी ठिवलीय बघ. दाट हाय." स्वरूपा ओट्याशी बसली. तिला घास मोडता येत नव्हता म्हणून तिनं भाकरी आमटीत बुडवून ठेवली आणि ती मऊ व्हायची वाट बघत राहिली. परवा दवाखान्यात सिस्टर जयमाला विचारतील, पट्टी कुठंय? त्यांना काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. उजव्या हाताकडे आता किती वेळ उरलाय ते तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर वर्षाली आणखी पातळ, आणखी गुणकारी फिल्म बनवून घेतील. चाकणच्या, हिंजवडीच्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत औषधाचे कण अजून बारीक होतील, कातडीच्या आत अजून खोल जातील. पण दवाखान्यातून निघालेलं ते औषध स्वरूपाच्या हातापर्यंत पोचायला मध्ये एक घर लागतं, आणि त्या घराचं काय करायचं हे कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल. तेव्हा आज रात्री तुमची जेवणं उरकली की उठून एकदा आत जा. पातेल्यात काय उरलंय ते बघा, आणि ते कुणासाठी उरलंय तेही विचारा. ती म्हणेल, मला भूकच नाही. तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका.